खाली ठेवलेला प्याला

डिअरबॉर्नला आत्याकडे राहायला जायचं, हे रफीफनं हिवाळ्यातच ठरवलं होतं आणि तेव्हापासून तिचा बाप मुतलक विषय टाळत होता. तिकडच्या शाळेत निम्मा वर्ग अरबांचा. इथे शिकागोत, तिच्या वर्गात ती एकटी. मुतलकची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. आता पोरगीही गेली, तर सकाळी बेकरीतून परतल्यावर दार त्याचं त्यालाच उघडावं लागणार होतं.

"तुम्ही रात्रपाळीला असता, बाबा. मी काय भिंतींशी अरबी बोलू?"

"भिंती निदान ऐकून घेतात. तू घेतेस का?" असं हसण्यावारी नेऊन तो झोपायला जायचा.

एप्रिलमध्ये शाळेनं पहिल्यांदाच अरब वारशाची संध्याकाळ ठेवली, तेव्हा त्याला धीर आला. शाळाच आपल्याला ओळखू लागली, तर पोरगी कशाला जाईल? त्यानं सुट्टी घेतली, घरी बी भाजलं, कुटलं, वेलची घालून कॉफी उकळली.

"डोक्यावर तो रुमाल नका ना बांधू. पोरं म्हणतील, टेबलावरचं कापड गुंडाळून आलाय."

"तुझे आजोबा असाच रुमाल बांधून नवरदेव झाले होते."

"त्यांच्या लग्नाला माझा वर्ग नव्हता, बाबा."

व्यायामशाळेत भिंतीवर कागदी उंट चिकटवले होते. मुतलकचं टेबल बास्केटबॉलच्या जाळीखाली होतं. वेलचीचा वास पार दारापर्यंत गेला, पण माणसं वासामागोमाग आली नाहीत. ती पलीकडे, विकत आणलेल्या पिझ्झाजवळ थांबली. एका बाईनं दूध मागितलं. एका पोरानं घोट घेतला आणि कागदी रुमालात थुंकला. मुख्याध्यापिका ओर्तेगाबाईंनी कॉफीच्या सुरईचा फोटो काढला, "किती सुंदर!" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बराच वेळ मुतलक नुसता उभा राहिला. मग स्वतःलाच एक प्याला ओतून तो प्यायला.

तेवढ्यात रफीफ आली. समोरच्या खुर्चीवर पाहुण्यासारखी ताठ बसली. त्याला बरं वाटलं. उजव्या हातानं त्यानं प्याला पुढे केला.

तिनं तो घेतला आणि न पिताच टेबलावर ठेवला.

"साखर हवी? मग सोबतचा खजूर खा, साखर त्यात आहे."

ती हसली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. फुरात, म्हणजे युफ्रेटिस, नदीकाठच्या त्यांच्या टोळीत, ज्याला काही मागायचं असेल तो पाहुणा प्याला असा खाली ठेवतो. शब्द मिळेपर्यंत ओठ लावत नाही. कॉफी तशीच निवू दिली, तर नामुष्की यजमानाची. जुनी वैरं अशी मिटत, सोयरिकी अशा जुळत.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. आजोबांच्या गोष्टी सांगताना." मग हळूच म्हणाली, "काय हवंय ते विचारा ना, बाबा."

प्याला इवलासा, पातळ काठाचा. वाफ विरत चालली होती. ही शाळा आहे, टोळी नव्हे, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. मग रुमाल बांधून तो इथे उभा कशाला होता?

"माग."

"जूनमध्ये शाळा संपली की मला आत्याकडे पाठवा. पुढची शाळा तिथेच."

त्यानं कागदी उंटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पी. दिलं."

तिनं एका दमात प्याला संपवला. डोळ्यांत पाणी आलं ते कडूपणानं की कशानं, हे त्यानं विचारलं नाही.

ओर्तेगाबाई परत आल्या आणि इंग्रजीत भरभर काहीतरी म्हणाल्या. त्यानं रफीफकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी तुम्हाला मोठं टेबल देणार आहेत. याल का, असं विचारतायत. काय सांगू?"

"येईन म्हणावं," मुतलक म्हणाला.