खिडकीतल्या बाई

अहल्यासमोर कुणी प्रश्न विचारायचा अवकाश, की उत्तर तयार. मग तो प्रश्न तिला विचारलेला असो नाहीतर दुसऱ्या कुणाला. लिफ्टमध्ये शेजारीण भेटायची, वाकून अहल्याच्या लेकीला विचारायची, "काय गं, नाव काय तुझं?" पोरीनं ओठ हलवायच्या आत अहल्या मोकळी: "संहिता. ती जरा लाजते हो." डॉक्टरांनी विचारलं कुठं दुखतंय, तर उत्तर आईचं. दुकानदारानं विचारलं कुठलं चॉकलेट, तरी उत्तर आईचंच. बाईच्या मनात काही वाईट नव्हतं बरं. तिला ती मधली शांतता सोसवायचीच नाही, जीव कासावीस व्हायचा तिचा.

संहिता पहिलीत. घरात बाहुल्यांशी, बाबाशी, मांजराशी पोपटासारखी बोलणारी ही मुलगी शाळेचं फाटक ओलांडलं की मुकी व्हायची. रोजच्या हजेरीलासुद्धा तिच्या तोंडून हूं की चूं नाही. शाळेनं वर्षभर सांभाळून घेतलं आणि मग स्पष्टच सांगितलं, की तोंडी परीक्षेत एक शब्द तरी बोलली पाहिजे, नाहीतर जूनपासून तिच्यासाठी दुसरी शाळा बघा. त्या दिवसापासून अहल्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि गंमत बघा, हीच अहल्या शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होती, आणि विषय कुठला? तर वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात! जेमतेम सेकंदभर थांबतात आणि स्वतःच उत्तर सांगून टाकतात, असं तिनं पानंच्या पानं लिहून ठेवलं होतं. आता हिला काय म्हणावं? आरसा हातात धरून दुसऱ्यांची तोंडं बघत फिरणारी बाई!

प्रबंध अडला होता तो शेवटच्या प्रकरणाशी. तिनं ऑनलाइन सूची चाळल्या, संशोधनपत्रिका उपसल्या, तीन-चार विद्यापीठांचे प्रबंध मागवून घेतले. सगळे वर्ग परदेशातले, सगळी मुलं इंग्रजीत गप्प बसणारी. मार्गदर्शक म्हणाले, "आपल्याकडच्या वर्गाचं ध्वनिमुद्रण मिळालं तर बघा. जुनं असलं तर उत्तमच." म्हणून ती राजाजीनगरातल्या एका जुन्या अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन थडकली.

तिथले ग्रंथपाल त्रिविक्रमराव बंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यातले, अहल्याच्या माहेरच्यांसारखेच. मराठी बोलायला माणूस मिळालं म्हणून ते खुशीत आले आणि आधी कॉफी मागवली.

"यादीत सापडणार नाही अक्का," ते म्हणाले. "आमच्याकडे कॅसेटी आहेत. शिकाऊ टीचर मंडळी सराव पाठ घ्यायची ना, ते टेप करायचे. मागून ऐकायचं आणि आपल्या चुका आपणच काढायच्या. एक पाठ मराठी वर्गाचा आहे बघा. पण त्या टीचरला मार्क मिळाले नाहीत म्हणे."

"का बरं, अण्णा?"

"एका पोरीला प्रश्न विचारला आणि थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. पोरगी बोलली नाही आणि पाठ काही पुढं गेला नाही."

अहल्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. तिला हवं होतं ते हेच!

कॅसेटी ऐकायची खोली तळमजल्यावर, व्हरांड्याला लागून होती. एक टेबल, एक जुनं यंत्र, हेडफोन, आणि व्हरांड्याकडे उघडणारी गजांची खिडकी. त्रिविक्रमरावांनी कॅसेट लावून दिली आणि ते कॉफीचा पेला घेऊन आपल्या खुर्चीकडे गेले.

आधी खरखर आली. मग बाकं सरकली, मुलं खोकली, पंखा कुरकुरला. मग बाईंचा आवाज आला, तरुण आणि अतिशय शांत. "आज आपल्या वर्गात नवीन मुलगी आली आहे. बाळ, उभी राहा. तुझं नाव सांग." त्यावर वर्ग चिडीचूप झाला. अहल्या कान टवकारून ऐकत राहिली. तेवढ्यात दुरून, बाहेरून आल्यासारखी एक पुसट कुजबुज ऐकू आली. कुणी बाई काहीतरी सांगत होती. शिक्षिका तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, "खिडकीतल्या बाई, तुम्ही नाही. मी तिला विचारलंय." आणि पुन्हा शांतता, ती थेट कॅसेट संपेपर्यंत.

अहल्याला हसू आलं. आया सगळ्या सारख्याच मेल्या, असं मनात म्हणत तिनं तेवढा भाग लिहून घेतला आणि घरी गेली. घरी तिनं उपेंद्रला, म्हणजे नवऱ्याला, सगळं रंगवून सांगितलं. तो संहिताला म्हणाला, "कळलं का गं, तुझ्यासारखीच होती एक मुलगी." आणि संहितानं काही म्हणायच्या आधी अहल्याच म्हणाली, "तिला काय कळणार त्यातलं!"

दुसऱ्या खेपेला ती शांतता मोजायला बसली तेव्हा कुजबुज यायला उशीर झाला. चांगलाच उशीर झाला. यंत्राचा पट्टा सैल झाला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मग बाईंचा आवाज का नाही ओढल्यासारखा येत? तो तर होता तसाच होता, स्वच्छ आणि शांत. कुजबुज मात्र या वेळी जवळून आली. शब्द कळत होते.

"ती जरा लाजते हो."

अहल्यानं हेडफोन कानांवर दाबून धरला. तिनं कॅसेट मागं घेतली, पुन्हा ऐकली, पुन्हा मागं घेतली. "लाजते" म्हणताना तो किंचित नाकातला सूर, "हो" म्हणताना ते ओशाळं हसू. आपला आवाज आपल्याला ओळखता येत नाही म्हणतात. पण प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणात आपलाच आवाज ऐकण्यात तिची चार वर्षं गेली होती. तो आवाज तिचाच होता. कॅसेटच्या डबीवर मात्र तिच्या जन्माच्याही आधीची तारीख होती.

तिनं धावत जाऊन त्रिविक्रमरावांना आणलं. त्यांनी हेडफोन एका कानाला लावला, डोळे मिटून ऐकलं.

"आहे की एक बाई खिडकीत," ते म्हणाले. "आवाज तुमच्यासारखाच आहे स्वल्प, थोडासा. पण अक्का, आपल्या सगळ्या बायका अशाच बोलतात. माझी बायको पण अशीच." आणि ते आपल्याच विनोदावर हसत निघून गेले.

अहल्या हसली नाही. तिला भीती वाटली, अगदी लहानपणी अंधाऱ्या जिन्याची वाटायची तशी. नको तो प्रबंध आणि नको ती कॅसेट, असं तिनं घरी येईपर्यंत दहादा ठरवलं. पण संशोधकाची जात वाईट. शनिवारी दुपारी ती पुन्हा हजर, आणि या वेळी संहिता बरोबर, कारण उपेंद्रला के. आर. पुरमला कामावर जावं लागलं होतं आणि पोरीला ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न होता.

तिनं कॅसेट यंत्रात घातली, संहिताला टेबलाशी बसवलं, पुढ्यात रंगपेटी दिली. "यंत्राला हात लावायचा नाही. कळलं ना? कळलं तिला," असं स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देऊन झालं. तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून होता. ग्रंथालयात फोनवर बोलायला मनाई, म्हणून ती व्हरांड्यात गेली.

मुख्याध्यापिका गोड बोलत होत्या, पण सांगायचं ते सांगत होत्या. तोंडी परीक्षा सोमवारी. बाकीच्या मुलांची झाली, ही एकटी राहिली. परीक्षक फक्त नाव विचारतील. तेवढंही सांगितलं नाही तर मग आमचा नाइलाज आहे. "हो मॅडम, बोलेल ती, नक्की बोलेल, घरात तर फार बोलते," अहल्या म्हणत राहिली. फोन बंद करून तिनं डोळे पुसले आणि वळली.

समोर गजांची खिडकी होती. गजांपलीकडे संहिता उभी होती.

कानावर तो मोठा हेडफोन, दोन्ही हात बाजूला सरळ, मान वर. बाक नाही, फळा नाही, कुणी नाही, आणि पोरगी उत्तर द्यायला उभं राहतात तशी उभी. यंत्र फिरत होतं. हेडफोन तिच्या कानावर होता, तरी आवाज खोलीभर ऐकू येत होता, पंखा, बाकं, खोकणारी मुलं.

"बाळ, तुझं नाव सांग."

संहिताचे ओठ थरथरले आणि मिटले. अहल्याच्या घशाशी शब्द आले. ते यायला काही लागत नाही, सवयीनं येतात. गजांना धरून ती पुढं झुकली.

"ती जरा लाजते हो."

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण कुठं उभ्या आहोत ते. 

"खिडकीतल्या बाई," आतून आवाज आला, तोच, शांत. "तुम्ही नाही. मी तिला विचारलंय."

अहल्यानं तोंडावर हात दाबला. पळत आत जावं, पोरीला उचलावं, यंत्राची वायर उपटावी, असं सगळं एकदम वाटलं. पण आत त्या बाई थांबल्या होत्या. त्या थांबण्यात राग नव्हता, घाई नव्हती. आपल्या लेकीसाठी आजवर असं कुणी थांबलं नव्हतं, आणि सगळ्यात कमी थांबलो ते आपण, हे अहल्याला त्या गजांपाशी कळलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली. नाव जिभेवर वळवळत होतं. तिनं ते आवंढ्याबरोबर गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. शांतता वाढत गेली, कानात दडे बसावेत इतकी. वर्गातली ती सगळी मुलंही श्वास धरून बसल्यासारखी वाटली. कितीदा गिळलं कोण जाणे, शेवटी घशात गिळायला काही उरलंच नाही.

"संहिता," पोरगी म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "माझं नाव संहिता."

"शाबास. बस आता," बाई म्हणाल्या. "चला मुलांनो, पुस्तकं काढा." पानांची सळसळ झाली आणि खटकन कॅसेट संपली.

अहल्या आत धावली. पोरीला घट्ट कवटाळलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि म्हणाली, माझं सोनं गं ते. म्हणजे म्हणायला गेली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. घसा दुखत नव्हता, आवाज बसलाही नव्हता. तो नुसता नव्हताच.

त्रिविक्रमराव डोकावले. "काय झालं अक्का, पोरगी रडली काय?" अहल्यानं नकारार्थी मान हलवली. त्यांनी सवयीनं कॅसेट थोडी मागं घेतली, हेडफोन कानाला लावला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अरेच्चा! ही बोलली की! इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नाही. पाठ पुढं गेलाय बघा!" मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "खिडकीतली बाई मात्र अजून आहे हं. पार शेवटपर्यंत आहे. माझं सोनं, माझं सोनं म्हणतेय आणि रडतेय बिचारी. ऐकता?"

त्यांनी हेडफोन पुढं केला. अहल्या दोन पावलं मागं सरकली, पोरीचा हात धरला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली.

रस्त्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाला बेळगावकडचा निघाला, आरशात मायलेकींकडे बघून मराठीतच म्हणाला, "काय गं बाळ, नाव काय तुझं?"

अहल्याचं तोंड सवयीनं उघडलं आणि तसंच राहिलं.

"संहिता," पोरगी म्हणाली. "आणि सोमवारी माझी परीक्षा आहे. आणि आमच्याकडे मांजर आहे."

"अरे वा, भारी बोलतेस की!" रिक्षावाला हसला. अहल्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. ते बघून तो गोंधळला. "काय झालं वहिनी? बरं वाटत नाही का? कुठं सोडू तुम्हाला?"

अहल्यानं श्वास घेतला. घर कुठं, कुठल्या वळणावर, सगळं तिच्या ओठांवर होतं. फक्त कुणीतरी थोडं थांबायला हवं होतं. कदाचित आला असता आवाज.

पण संहिता पुढं झुकली. रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून तिनं घराचा पत्ता घडाघडा सांगितला आणि मग किंचित नाकात, ओशाळं हसत म्हणाली,

"आई जरा लाजते हो."