दोन नावांची सॅक

देवेश हॅमिल्टनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करायचा आणि हौसेखातर एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचे आकडे सांभाळायचा. हा फुटबॉल लांबुळक्या चेंडूचा. चेंडू फेकणाऱ्याला फेकायच्या आत आडवा केला की त्याला सॅक म्हणतात. टीमची १९८४ची बचावफळी भारी की यंदाची, असं कोचने त्याला विचारलं होतं. जुन्या फळीच्या नावावर बावन्न सॅक होत्या, यंदाच्या एकतीस.

विषय तिथेच मिटला असता, पण जुन्या कागदांवर प्रत्येक सॅकपुढे दोन नावं होती. ते कागद लिहिणारे शरदचंद्रकाका गावातच होते, म्हणून देवेश त्यांच्याकडे गेला.

"मी नागपूरला क्रिकेटचा स्कोअर लिहायचो," काका म्हणाले. "झेल घेणाऱ्यासोबत बोलरचंही नाव लिहितात ना? तसंच हे. समोरच्यांना अंगावर घेऊन वाट मोकळी करतो त्याचं नाव आधी, पाडणाऱ्याचं नंतर."

म्हणजे बावन्न ही नावांची बेरीज होती, प्रत्येक सॅक दोनदा मोजली गेली होती. खरा आकडा सव्वीस. यंदाची फळीच सरस निघाली, असं देवेशने सांगितलं.

"मग यंदाचीही दोन नावं लिहून बघ की," काका जरा चिडूनच म्हणाले.

देवेशने घरी येऊन सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. एकतीसपैकी एकोणीस वेळा वाट मोकळी करणारा एकच होता, चौऱ्याण्णव नंबरचा ओवेन. त्याच्या स्वतःच्या नावावर एकही सॅक नव्हती. देवेशच्या रिपोर्टमध्ये तो शून्य पाहूनच कोचने ओवेनला गेल्या सोमवारी टीममधून काढलं होतं.