उघड्या फाटकापाशी

हवालदाराची बायको गेली त्या दिवशी तो ठाण्यात बसून एका चोरीचा अहवाल लिहीत होता. शेजारणीचा फोन आला. "भाऊजी, लगेच निघा," एवढंच ती म्हणाली आणि तिच्या आवाजावरूनच त्याला कळून चुकलं. तरी त्याने हातातलं वाक्य पूर्ण केलं, पेनाला टोपण लावलं आणि मग उठला. ते वाक्य कशाला पूर्ण केलं, हे त्याचं त्यालाच अजून उमगलेलं नाही.

सव्वीस वर्षं त्याचा प्रत्येक अहवाल आधी बायको ऐकायची. तो कच्चा कागद घरी आणायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायचा. ती भाजी चिरता चिरता ऐकायची आणि नेमकं बोट ठेवायची.

"चोर मागच्या दाराने पळाला म्हणता, मग त्या दाराला आतून कडी कशी?"

"तू पोलिसात का नाही गेलीस?"

"मग तुम्हाला दोन वेळा गिळायला कोणी घातलं असतं?"

ठाण्यात त्याच्या अहवालांचं कौतुक व्हायचं. त्यातलं अर्धं घरी पोचवायला हवं, हे त्याला कधी सुचलं नाही.

ती गेल्यावर घरात दोघंच उरले, तो आणि सासूबाई. लेकीच्या आजारपणात त्या आल्या होत्या. नंतर जा असं त्याने म्हटलं नाही आणि जाते असं त्यांनी म्हटलं नाही.

पाच महिने असेच गेले आणि एके दुपारी तुरुंगातून निरोप आला, की एका कैद्याने पळून जायचा प्रयत्न केलाय, पंचनाम्याला या.

कैदी म्हणजे तुरुंगाच्या शिवणखात्यातला म्हातारा शिंपी. अठरा वर्षं काढलेली, सुटायला दोन महिने बाकी. रंगाऱ्याने भिंतीला लावून ठेवलेल्या शिडीवरून तो चढला आणि पलीकडे पहारेकऱ्यांच्या घरांमागच्या अंगणात उतरला. तिथून पुढे एक लहान फाटक, आणि फाटकाबाहेर थेट मोठा रस्ता. जेवून परतणाऱ्या पहारेकऱ्याने त्याला फाटकापाशी धरलं.

हवालदाराने शिडी पाहिली, भिंत मोजली, दोन पहारेकऱ्यांचे जबाब घेतले आणि संध्याकाळी घरी येऊन लिहायला बसला. हात आपोआप चालत होता. 'सदर कैदी पळून जाण्याच्या उद्देशाने भिंतीवर चढून...' असलं वाक्य त्याने आजवर कितीदा लिहिलं असेल.

सासूबाई मटार सोलत होत्या. "वाचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिला वाचून दाखवत होतात ना? मला काय कान नाहीत?"

हवालदार उंबऱ्यावर जाऊन बसला. पहिली ओळ त्याला तीनदा सुरू करावी लागली. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्या शेंगा सोलत राहिल्या, म्हणून त्याला पुढे वाचता आलं.

"फाटकाला कुलूप होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. सताड उघडं होतं."

"आणि हा तिथे किती वेळ होता?"

"असेल वीस-पंचवीस मिनिटं."

"जावईबापू, पळून जायला निघालेला माणूस उघड्या दारात वीस मिनिटं काय करतो?"

हवालदाराने कागद उलटून पाहिला.

"तुम्ही विचारलंत त्याला?"

विचारलं नव्हतं. माणूस पकडला गेला, कबूल म्हणाला, अंगठा दिला, संपलं. पण या एका वाक्यावर शिंप्याची सुटका रद्द होणार होती. वर नवा खटला, म्हणजे आणखी कैक वर्षं. सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे हवालदाराला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तिने मला केव्हाच हाकललं असतं," तो म्हणाला.

"मी सकाळी हाकलीन. आता जेवून घ्या."

सकाळी तो पुन्हा तुरुंगात गेला. शिंपी एकट्याच्या कोठडीत बसला होता.

"काका, फाटकापाशी थांबलात का?"

"सांगतो, पण साहेब, तुम्ही हसाल."

"मी पोलीस आहे. आम्हाला हसायलाही वरून परवानगी लागते."

शिंपी जरा सैल झाला. "दोन महिन्यांनी सुटणार. अठरा वर्षांत मी एकही रस्ता ओलांडलेला नाही. खात्याच्या खिडकीतून गाड्या दिसतात, कुठून येतात, कुठे वळतात, काही समजत नाही. म्हटलं, एकदा ओलांडून बघू. जायचं आणि उलट पावली यायचं. कापड नाही का आधी कच्चं टाचून बघत?"

"मग ओलांडलात का नाही?"

"कोणी 'चला' म्हणेना."

हवालदाराला आधी कळेना. मग त्याने कोठडीबाहेर नजर टाकली. तुरुंगातल्या प्रत्येक दारापुढे जमिनीवर पिवळा पट्टा आखलेला असतो. कैद्याने पट्ट्यापाशी हात मागे बांधून उभं राहायचं आणि पहारेकरी 'चला' म्हणाला की पुढे पाऊल टाकायचं. शिंप्याने दिवसातून वीस वेळा असं अठरा वर्षं केलं होतं. फाटकापाशी पट्टा नव्हता, पण पाय थांबायचे तिथे थांबले.

हवालदार पहारेकऱ्यांच्या घरांकडे गेला. एका पहारेकऱ्याची बायको कपडे वाळत घालत होती. काल 'तिला काय विचारता' म्हणून तिच्या नवऱ्याने तिला बाजूला काढलं होतं.

"बघितलं की मी," ती म्हणाली. "मला वाटलं कुणाचे तरी वडील आलेत. विचारलं, काका, कुठे जायचंय? म्हणाले, रस्त्यावर. मी म्हटलं, मग जा की. हो म्हणाले आणि तिथेच उभे. शेवटी मी पाणी दिलं. पाणी प्यायले, भांडं परत दिलं, परत हात मागे बांधून उभे."

हवालदाराने तिचा जबाब घेतला, सही घेतली. अहवाल नव्याने लिहिला. शिंपी भिंत चढला हे लिहिलं, कारण तो चढला होता. फाटक उघडं होतं, तो थांबला, जा म्हणूनही गेला नाही, हेही लिहिलं. उद्देशाचं वाक्य त्याने शिंप्याच्याच शब्दांत घातलं. संध्याकाळी सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं. "आता बरं आहे," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

ठाण्यातल्या साहेबांनी अहवाल वाचून कपाळाला हात लावला. "हवालदार, हा अहवाल आहे की आत्मचरित्र?"

"साहेब, जबाब आहेत. खाली सह्या आहेत."

"तिकडचे जेलरसाहेब चिडतील. पेपरवाल्यांना सांगून बसलेत, पहारेकऱ्याने झडप घालून पकडलं म्हणून."

"झडप कशी घालणार साहेब? एका हातात डबा, दुसऱ्या हाताने दात कोरत येत होता. कैद्यानेच दोन्ही हात पुढे केले."

साहेब हसले. हसता हसता म्हणाले, "घरून तपासून आणलाय वाटतं." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते एकदम कागद चाळायला लागले.

"हो साहेब," हवालदार म्हणाला. "सासूबाईंनी ऐकलाय."

साहेबांनी सही केली.

अहवाल न्यायाधीशांपुढे गेला, त्याला तीन आठवडे झाले. मधे एकदा हवालदार तुरुंगात जाऊन आला. शिंपी पुन्हा खात्यात काम करतो, मात्र त्याचं मशीन आता खिडकीपासून लांब हलवलंय. हवालदाराने त्याला सांगून ठेवलंय की सुटलात तर त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा असेन आणि 'चला' म्हणेन. सासूबाई म्हणतात, मीही येते, तुमचा आवाज बसका आहे.

निकाल अजून लागलेला नाही. शिंप्याने अजून रस्ता ओलांडलेला नाही.