जागच्या जागी उडणारे विमान

मित्रांनो, मला नाक आहे, पण पंख नाहीत. शेपूट नाही, चाके नाहीत, आणि आयुष्यात एकही प्रवासी माझ्यात बसलेला नाही. तरीही भल्याभल्या वैमानिकांनी माझ्यासमोर कान धरले आहेत. मी एक जुना सिम्युलेटर आहे, म्हणजे ज्यात बसून वैमानिक सराव करतात ते नकली विमान.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. खऱ्या विमानाचे तोंड तेवढे कापून आणावे, तसा माझा घाट. आत दोन खुर्च्या, दोन सुकाणू, आणि डोक्यावर, छातीसमोर, मांडीपाशी मिळून शेकडो बटणे. खिडक्यांबाहेर पडदे, त्यांवर हवे ते आकाश दाखवता येते. खाली सहा लांबलचक पाय. ते वर-खाली झाले की आतल्या माणसाला वाटते, आपण ढगांतून धक्के खात चाललो आहोत. मी मात्र असतो तिथेच. तीन खोक्यांतून मला या उंच छपराच्या दालनात आणले, आणि तेव्हापासून मी एक पाऊलही पुढे टाकलेले नाही.

माझी देखभाल मावशींकडे. सगळे त्यांना मावशीच म्हणत, पण हातात पाना आला की त्या कोणाच्याच मावशी नसत. पहिल्या दिवशी माझ्या सहाही पायांना तेल घालून त्या म्हणाल्या, "दिसायला बेडूक आहे, पण गुणाचा वाटतो." ते ऐकून मी हुरळून गेलो.

शिकवायला मास्तर होते. ते वैमानिकांच्या पाठीमागे बसत आणि एकेक संकट सोडत. एक बटण दाबले की इंजिन पेटे, दुसरे दाबले की धुके पसरे, तिसऱ्याने पक्ष्यांचा थवा समोर येई. एका मिशाळ कॅप्टनने तर मला धावपट्टी सोडून शेजारच्या तळ्यात उतरवले. पडदा लाल झाला. कॅप्टन खाली उतरले, माझ्या नाकावर हात ठेवून म्हणाले, "माफ कर रे बाबा." माझ्यात अशी हजारो विमाने पडली, पण कोणाला साधे खरचटलेसुद्धा नाही.

वैमानिक बाहेर आले की त्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले असत. ते पाहून मला गंमत वाटे. घाम काढला म्हणजे आपण थोर, अशी माझी समजूत होती. तो दमलेला माणूस इथून पुढे कुठे जातो, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नाही.

तो विचार ज्यांनी करायचा, ते साहेब वरच्या मजल्यावर बसत. कोणत्या वैमानिकाने कोणत्या दिवशी कुठे जायचे, हे ते ठरवत. त्यांच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. प्रत्येक वैमानिकाची एक ओळ, प्रत्येक दिवसाची एक चौकट. म्हणून सगळे त्यांना चौकटसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण चौकट रिकामी दिसली की त्यांचा हात शिवशिवे. खऱ्या उड्डाणाची चौकट लाल, आणि लाल चौकटीनंतर विश्रांतीची हिरवी ठरलेलीच. माझ्यातला सराव मात्र पांढरा. बैठक, भाषण, फोटो काढणे आणि मी, सगळे एकाच रंगात! पांढऱ्यानंतर हिरवी चौकट लागत नसे. त्यामुळे दुपारी माझ्यातून उतरलेला माणूस संध्याकाळी परदेशी निघे. कुरकुर सगळेच करत, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मग एक दिवस कॅप्टनताई आल्या. वैमानिकांची मोठी परीक्षा ठरावीक महिन्यांनी होते, तशी त्यांची त्या दिवशी होती. शांत डोक्याच्या म्हणून त्यांचे नाव होते. मास्तरांनी कितीही आगी लावल्या, तरी त्या चहात साखर ढवळावी इतक्या निवांत एकेक बटण दाबत. त्या पहाटेच उठून आल्या होत्या. आधी दीड तास तोंडी प्रश्न, मग माझ्यात चार तास. धुके झाले, वादळ झाले, पेटलेले इंजिन झाले. शेवटचा धडा उरला होता.

मास्तरांनी डावे इंजिन बिघडवले. अशा वेळी बिघडलेले इंजिन वैमानिकाने स्वतः पूर्ण बंद करायचे असते. ताईंनी डोळे चोळले, हात पुढे नेला, आणि चालू असलेले उजवे इंजिन बंद केले.

आवाज थांबला. विमान दगडासारखे खाली निघाले. मास्तरांनी लगेच थांबवण्याचे बटण दाबले आणि माझे सहाही पाय जागच्या जागी थबकले.

ताई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. "मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "डावं म्हणत होते मी मनात. हात उजवीकडे गेला."

"होतं असं," मास्तर म्हणाले. "दमला आहात. हा धडा उद्या पुन्हा घेऊ."

"उद्या मी इथे नसेन. आज संध्याकाळी सातला परदेशी निघायचंय. नऊ तासांचं उड्डाण आहे."

नऊ तास, मित्रांनो! माझ्यात थांबवण्याचे बटण आहे. आकाशात ते नसते.

ताईंनी तिथूनच वर फोन लावला. पाच मिनिटांत चौकटसाहेब तरातरा खाली आले.

"ऐनवेळी नाही म्हणता? अहो, विमान तरी हललं का जागचं? खुर्चीत बसून कोणी दमतं का?"

"दमतं, साहेब," ताई म्हणाल्या. "मी दमले आहे. माझ्या मागे दोनशे माणसं बसणार. आज मी नाही जात."

"मग तसं लेखी द्या. तुमच्या फाईलला लागेल, नंतर मला बोल लावू नका."

ताईंनी माझ्या पायरीवर बसूनच चार ओळी लिहून दिल्या. चांगल्या माणसाच्या फाईलला डाग लागणार म्हणून मावशींचा चेहरा उतरला. साहेबांनी कागद खिशात घातला, दुसऱ्या कॅप्टनला फोन लावला आणि ते निघाले. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "साहेब, उद्या सकाळी अर्धा तास काढा. खुर्ची रिकामी असते आमची."

"येतो की! घाबरतो का काय!"

दुसऱ्या दिवशी ताई आल्या त्या ताज्या टवटवीत. मास्तरांनी डावे इंजिन बिघडवले, त्यांनी डावेच बंद केले आणि मला इतके अलगद उतरवले की माझा एक पायही करकरला नाही. मग साहेबांची पाळी आली. डावीकडे ताई, उजवीकडे साहेब. काम सोपे होते. ताई सांगतील तेव्हा यादी वाचायची, आकडे बघायचे, आणि रेडिओवर विचारले की उत्तर द्यायचे. बस्स.

पहिली पाच मिनिटे साहेब मजेत होते. मग मास्तरांनी धुके सोडले, त्यामागून पक्षी आले, आणि मग रेडिओवर दोघे एकदम बोलू लागले.

"साहेब, उंची किती?" ताई विचारत.

"सांगतो, सांगतो... हा काटा का हो फिरतोय?"

"तो घड्याळाचा आहे."

मीही हात राखला नाही. सहाही पाय मनापासून हलवले. साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, यादी खाली पडली, ती उचलायला वाकले तोवर इंजिन पेटले. चाळीस मिनिटांनी आम्ही सुखरूप उतरलो, अर्थात ताईंच्या जिवावर.

बाहेर आल्यावर साहेबांना जमीन हलल्यासारखी वाटत होती. मावशींनी त्यांना बाकावर बसवले, हातात कॉफी दिली. दोन घोट घेतले न घेतले तोच मान कलली आणि साहेब घोरू लागले. मावशींनी कप अलगद काढून घेतला, दालनातला मोठा दिवा मालवला. मला गार ठेवणारा घरघरता पंखाही त्यांनी बंद केला. तासाभराने साहेबांचा फोन वाजला. वरून कोणीतरी बैठकीची आठवण करून देत होते.

साहेब डोळे न उघडताच खेकसले, "मला आज काही सांगू नका! मी आत्ताच विमान चालवून आलोय!"

मावशींनी पदर तोंडाला लावला, मास्तर भिंतीकडे वळले. साहेबांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांना कळले, आणि आधी कान लाल झाले, मग तेही खो खो हसत सुटले. हसू ओसरल्यावर त्यांनी खिशातला कागद काढला. तो फाडला नाही. त्यावर मोठ्या अक्षरांत 'यांचे बरोबर आहे' असे लिहून खाली सही केली आणि म्हणाले, "ताई, हा फाईलला लागणारच. आता लागू दे."

त्याच आठवड्यात तक्ता बदलला. माझी चौकट लाल झाली, आणि तिच्यापुढे हिरवी लागू लागली. सरावानंतर घरी जाऊन पूर्ण रात्रीची झोप, तीही जाण्यायेण्याचा वेळ सोडून, आणि मगच परदेशवारी, असा नियम ठरला. साहेबांना तर नादच लागला. कोणालाही फोन केला की पहिला प्रश्न, "झोप झाली का?" वैमानिकांनी त्यांचे बारसे नव्याने केले. चौकटसाहेबांचे झोपसाहेब झाले!

पुढे माझ्या शेजारी नवा सिम्युलेटर आला. त्याचे पडदे माझ्यापेक्षा झकास, पाय न कुरकुरणारे. माझ्याकडचे येणे-जाणे कमी झाले. आधी वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? बटणांवर धूळ बसली, एक पाय आखडला. आता शाळेतली मुले मला बघायला येतात, सगळी बटणे एकदम दाबतात आणि मला तळ्यात पाडून टाळ्या पिटतात. दिवस बरे चालले आहेत.

परवा कॅप्टनताई आपल्या लेकीला घेऊन आल्या. लेक सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. मावशींनी तिला विचारले, "मोठेपणी आईसारखी कॅप्टन होणार ना?"

"होणार. पण आत्ता माझी वेगळी ड्युटी आहे," ती म्हणाली. "आई येऊन झोपली की मी दाराबाहेर बसते. कोणी घंटी वाजवायला आलं की म्हणते, आई आकाशातून आलीय, नंतर या. बाबांनासुद्धा सोडत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी दमून येत असेल. कोणी गाडी चालवून, कोणी दवाखान्यातून, कोणी नुसते खुर्चीत बसून. 'बसून तर होतात!' असे त्यांना म्हणू नका. पाणी द्या आणि दार हळूच ओढून घ्या. पहाऱ्याचे काम मोठे आहे, बरे का. ते करणारीचे दात पडलेले असले तरी चालते.