दादांचा जिना

"वहिनी, दादांना सांगा हो, माझा पाय सोडा म्हणावं!"

जिन्याच्या वळणावर आपटलेला गुडघा चोळत इस्त्रीवाला ओरडला. शिवणाऱ्या बायका खुदकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. खाली फडकं पिळत उभी होती ती दादांचीच बायको.

दादा या कारखान्यात कापडाचे तागे वाहायचे. गेल्या वर्षी खांद्यावर तागा घेऊन उतरताना जिन्याच्या वळणावर पडले, ते उठलेच नाहीत. साहेबांनी वहिनीला झाडलोटीला ठेवून घेतलं. तेव्हापासून तो जिना तीच पुसायची. पुढे तिथे आणखी काहीजण धडपडले आणि दादा पाय ओढतात, अशी आवई उठली.

वहिनीला त्याचा राग नव्हता. वळणावर अंधार असायचा, गार वाटायचं. फरशी पुसताना कधी त्यांच्या तंबाखूचा वास आल्यासारखं वाटायचं. मग तिचा हात उगाच रेंगाळायचा.

एके सकाळी काजं-बटणं करणारी पोटुशी पोर तिथेच कोसळली. थोडक्यात निभावलं, पण तिला उचलून नेताना कुणीतरी पुटपुटलं, "दादांनी हिलाही सोडलं नाही."

वहिनीने फडकं बादलीत टाकलं. ती वळणावर गेली, खाली वाकून पायरीची कड चाचपली आणि तिथेच वाट अडवून बसली. वरची माणसं वर, खालची खाली.

साहेब धावत आले. "वहिनी, उठा. माल खोळंबलाय."

"खोळंबू दे."

"अहो, लोक काहीही बोलतात. कुठलं भूत नि कुठलं काय!"

"भूत नाहीच, साहेब. पायरीची ही पट्टी उचकटलीय, बोट लावून बघा. माझा माणूस जन्मात कुणाच्या वाटेला गेला नाही. मेल्यावर पोटुशीचा पाय ओढेल होय?"

साहेबांनी वाकून बोट लावलं आणि मान वर न करता म्हणाले, "सुताराला बोलवा."

दुपारपर्यंत नवी पट्टी ठोकली गेली, वळणावर दिवाही लागला. अंधार गेला, गारवा गेला. वहिनीने पुसून काढलं तेव्हा नुसता फिनेलचा वास आला.

संध्याकाळी सुटी झाली. बायका बोलत, खिदळत भराभरा उतरल्या. इस्त्रीवाला शीळ घालत गेला. वळणावर कुणी थबकलं नाही, कुणी कठडा धरला नाही, दादांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

वहिनी बादली घेऊन भिंतीला लागून उभी होती, सगळ्यांना वाट देत.