शेजारची कपबशी

घर सोडायच्या दिवशी सूर्यभान शेजारच्या कुसुमताईंकडून कपबशी आणि किटलीभर चहा मागून घेऊन आला, ते सरुबाईला फार लागलं. मागायची वेळ यावी असं घरात काय कमी होतं? फळीवर पितळेचे पेले चिंचेनं घासून ओळीनं मांडले होते. बाकीची भांडी पोत्यात गेली, सून लेकरांना घेऊन पुढं औरंगाबादला गेली, तरी ते पेले सरुबाईनं आजच्यासाठी मागं ठेवले होते.

"त्यांचीच कपबशी, त्यांच्याच किटलीतला चहा," ती लेकाला म्हणाली. "मंग सायबाला त्यांच्याच वट्यावर बसीव की. हितं कशाला आणतो?"

"माय, घर तपासायला येणारा सरकारी माणूस आहे. कुणाच्या मनात काय असतं सांगता येत नाही. त्यानं नको म्हटलं तर तुलाच वाईट वाटेल."

"गफूरसायेब येणार हाय ना? तो कशाला आपल्या पेल्याला न्हाई म्हणंल?"

"साहेब म्हणजे साहेब."

"कोनाड्यात बाबासायबांची तसबीर ठिवायला भितो का? न्हाई. पेला म्होरं करायचं म्हणलं की मातूर भ्या वाटतं."

सूर्यभाननं कपबशीवर रुमाल टाकला आणि किटली शेगडीच्या उबेला सरकवली.

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले होते. मराठी मुलखातल्या सूर्यभानसारख्या कारकुनांची वाटणी मुंबई राज्याकडं लागली. हैदराबादेतल्या बरकतपुऱ्यातलं सरकारी क्वार्टर खाली करायचं, तर आधी ओव्हरसियर येऊन एकेक खोली पाहणार आणि काय मोडलं, काय फुटलं ते लिहून नेणार. आळीतल्या सगळ्यांनी या पाहणीची धास्ती घेतली होती. सरुबाई मात्र तिची वाट पाहत होती. सरुबाईची माणसं इथं राहायला आली त्या दिवशी कुसुमताई मधल्या भिंतीशी उभ्या राहून कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "आता बघा या क्वार्टरचं काय होतंय ते." सरुबाईनं ऐकलं, पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. तो तिनं आजवर खाली ठेवला नव्हता म्हटलं तरी चालेल. त्या बाईला आपल्या तोंडानं काही सांगायचं नव्हतं. कुणी परक्या माणसानं आत येऊन, बघून सांगावं, आणि ते त्या भिंतीपलीकडं ऐकू जावं, एवढंच तिला हवं होतं.

ओव्हरसियर गफूरसाहेब ऊन चढल्यावर आला. विटलेली शेरवानी, कानामागं पेन्सिल, हातात वेताची काठी.

"सलाम, अम्मा. तकलीफ देरौं."

"कसली तकलीफ. बघा, मन भरस्तोवर बघा."

बैठकीच्या खोलीत त्यानं काठीनं भिंत ठोकली. चुन्यात नीळ कालवून सरुबाईनं स्वतः हात फिरवला होता. तो इकडून तिकडं गेला, मग जवळ जाऊन भिंतीला नाक लावल्यासारखं पाहिलं.

"एक भी कील नै?"

"एक बी खिळा ठोकला न्हाई. भिंत सरकारची. आमचे कपडे दोरीवर, तसबीर कोनाड्यात."

"बाजू के घर में कल कीलां गिन गिन के थक गया मैं."

"काय म्हणलात?" सरुबाईनं कानामागं हात धरला. "मला वाईच कमी ऐकू येतंय."

मुंगी चालली तरी ऐकणारी बाई. गफूरसाहेबानं बिचाऱ्यानं तेच वाक्य पुन्हा मोठ्यांदा म्हटलं. पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज झाला. सरुबाईनं पदर नीट केला आणि पाहुण्याला मधल्या खोलीत नेलं.

तिथं शहाबादी फरशीवर त्यानं टाच आपटून पाहिली. एकही फरशी हलली नाही. दाराची कडी खोबरेल लावल्यासारखी सरकली, कारण खोबरेल लावलेलंच होतं. खिडकीच्या एका काचेला तडा होता. सरुबाई चटकन पुढं झाली. पण साहेबानं जुना कागद चाळला आणि मान हलवली. "पुराना है. आपके पैले का."

मोरीत त्यानं वाकून पाहिलं, नाकाला रुमाल लावायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. तेही तिनं बघून ठेवलं. आता राहिलं होतं स्वयंपाकघर. तिथं काजळी असणारच या तयारीनं तो शिरला आणि वर आढ्याकडं बघत राहिला.

"अम्मा, इधर पकाते की नै पकाते?"

"मंग भाकरी काय हवेवर भाजती व्हय?"

तो मनापासून हसला. तिथल्या पाटावर टेकला, काठी भिंतीला लावली. "गला सूख गया, अम्मा," म्हणत त्याची नजर माठाकडं आणि माठावरच्या फळीकडं गेली. सरुबाईचा हात पेल्याला लागलासुद्धा होता. तेवढ्यात सूर्यभान मधे आला.

"चाय तैयार है, साब."

त्यानं रुमाल बाजूला केला, किटलीतला चहा ओतला आणि दोन्ही हातांनी बशी पुढं धरली. गफूरसाहेबानं कप उचलला. कपाच्या कानाचा टवका उडालेला होता. बोट तिथं अडलं. आयुष्य मोडतोड बघण्यात गेलेला माणूस, त्याच्या डोळ्यांतून टवका कसा सुटावा?

"ये प्याली..." तो कप फिरवत म्हणाला. "कल बाजू के घर में पिया ना मैं इसमें?"

"जी. हमारा सामान बँध गया, साब," सूर्यभान म्हणाला.

गफूरसाहेबानं फळीकडं पाहिलं. पेले ओळीनं उभे, लखलखीत. सरुबाईचा हात अजून त्यातल्या एकावर. त्यानं कपाकडं पाहिलं, सूर्यभानच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि मग कुणाकडंच पाहिलं नाही. कढत चहा औषधासारखा एका दमात पिऊन टाकला आणि कागद गुडघ्यावर घेऊन उगाच पुष्कळ वेळ लिहीत राहिला.

सरुबाईला वाटलं, फरशी दुभंगावी आणि पेल्यांसकट आपण आत जावं. इतकी वर्षं घासलेलं घर, आणि माणसानं शेवटी बघितलं काय, तर हे.

"सब दुरुस्त है, अम्मा," उठताना तो म्हणाला. "ऐसा घर नै देखा मैं." पण ते तो हळू बोलला, मयताच्या घरी बोलतात तसं. सरुबाईनं या वेळी कानामागं हात धरला नाही.

तो फाटकाबाहेर पडला आणि मधल्या भिंतीपलीकडून कुसुमताईंचा गोड आवाज आला, "झाला का हो चहा? कपबशीची घाई नाही बरं का. सावकाश द्या."

सूर्यभान मोरीत बसून कप विसळत होता. विसळून झाला तरी विसळत होता.

"बोल की," तो मान वर न करता म्हणाला. "शिव्या दे. गप नको बसू."

मग तोच उसळला. "आणि मला शिकवलं कुणी? पाटलाच्या दारात माझं मनगट धरून मागं कोण ओढायचं? वरून ओततील तेवढं ओंजळीनं पी, भांड्याला हात लावू नको, कोण म्हणायचं? तूच ना?"

ते खरं होतं. ते बारीक मनगट तिच्या हाताला अजून आठवत होतं. सरुबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसली. लेकाच्या हातातून कप काढून घेतला, पदरानं कोरडा केला, टवक्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला.

"म्याच शिकवलं," ती म्हणाली. "लोकाच्या दारात मार बसू नये म्हणून तिथं कसं हुभं राहावं ते शिकवलं, सूर्यभान. आपल्या घरात तसं हुभं राहायला म्या न्हाई शिकवलं. ते तू तुझ्या मनानं शिकलास."