मांजर्लीच्या सभामंडपात उणे एक

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. गोष्ट लहान आहे, लांबून ऐकली तर निसटेल. बदलापुरात मांजर्लीच्या विठ्ठलमंदिरात घडलेली, दोन हजार आठ सालची.

स्वप्नालीने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आकडा तोच. उणे एक.

"रिकाम्या मंडपात उणे एक माणूस?" कैलास म्हणाला. "भूत असतं ना यार, तरी प्लसमध्ये दाखवलं असतं."

दोघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टमधले जोडीदार. लॅपटॉप घेऊन बाहेरच्या पायरीवर बसले होते, कारण आत गेले तर तेही मोजले जाणार. मंडपाच्या चार कोपऱ्यांत त्यांनी वायरलेसच्या चार डब्या बसवल्या होत्या. एक बोलायची, तिघी ऐकायच्या. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. मध्ये माणसं बसली की लहरी त्यांच्यात जिरायच्या आणि ऐकू येणं मंदावायचं. रिकाम्या मंडपापेक्षा किती मंदावलं, त्यावरून किती माणसं, ते लॅपटॉप सांगायचा. गुरुवारच्या कीर्तनाला माणसं जागची हलत नाहीत, म्हणून ही जागा. साडेचारला परीक्षक सर अंबरनाथ पश्चिमेहून येऊन स्वतः डोकी मोजणार होते. आकडा चुकला तर प्रोजेक्ट नापास, आणि निकालावर अडकलेली स्वप्नालीची नोकरीही गेली.

"जानेवारीत तर बरोबर येत होता," ती म्हणाली. "मशीन सतरा, मोजून सतरा."

"मोजत कोण होतं?"

"नाथाआण्णा."

नाथाआण्णा म्हणजे मंदिराचे टाळकरी. जाजम अंथरायचं, समई पुसायची, बुवांच्या मागे उभं राहायचं. फेब्रुवारीत गेले. त्यानंतर यंत्र आजच लावलं होतं.

"रिकाम्या मंडपाचा झिरो कधी घेतला आपण?"

"दिवाळीनंतर. दुपारी." तिला ती दुपार दिसली. खांबाशी मांडी घालून आण्णा चिंचेने टाळ घासत होते, स्वतःशीच गुणगुणत. कैलासने विचारलं होतं, आत कोणी नाही ना? आण्णांकडे बघतच ती म्हणाली होती, कोणी नाही.

"आण्णा आत होते," ती म्हणाली. "यंत्राने त्यांना रिकाम्या मंडपातच धरलं. आणि डोकी मोजताना त्यांनी स्वतःला धरलं नाही. म्हणून जुळत होतं."

पायरीच्या दुसऱ्या टोकाला बनूबाई बुवांसाठी तुळशीचा हार ओवत होत्या. आण्णांच्या पत्नी.

"काय गं पोरी, मशीन रुसलं का?"

स्वप्नालीने चाचरत सगळं सांगितलं. बनूबाई आधी ऐकत राहिल्या, मग हसल्या.

"त्यांचं ते जलमभराचं. भंडाऱ्याला पत्रावळी मोजून आनायचे न् दर खेपंला एक कमी. मी म्हनायची, अवो, तुमी काय हवा खानार?"

कैलासने घड्याळ पाहिलं. "झिरो परत घे. आता खरंच रिकामा आहे. दोन मिनिटं लागतील."

तिने प्रोग्रॅमचा मेनू उघडला. पडद्यावर प्रश्न आला: जागा रिकामी आहे?

"बघ हां नीट," बनूबाई हारातली गाठ मारत म्हणाल्या. "आत कोनी ऱ्हायलं नाय ना?"

स्वप्नालीने आत बघितलं. खांबाशी उन्हाची तिरीप होती, जाजमाची घडी अजून उलगडायची होती. तिने बोट मागे घेतलं, प्रश्न रद्द केला आणि प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीत अधिक एक लिहिलं.

"वेडी आहेस काय? सर विचारतील हा एक कुठून आला. चूक कबूल करावी लागेल."

"करीन."

कीर्तन सुरू झालं. सरांनी दारातून दोनदा मोजलं. तेवीस. पडद्यावर तेवीस. कैलासने श्वास सोडला. मग सरांनी प्रोग्रॅम मागितला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"शून्य घेताना एक माणूस आत होता, सर. माझ्या लक्षात आलं नाही."

"मग नव्याने का नाही घेतलं? दोन मिनिटांचं काम."

"तो माणूस आता नाही, सर."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आत टाळ चालू होते. मार्क लिहून त्यांनी कागदाची तिच्यासमोरच घडी घातली, आणि बूट काढून शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पडद्यावर चोवीस झाले.

त्या ओळीचे आठ मार्क गेले. तरी स्वप्नाली पास झाली, नोकरीही लागली. डब्या कॉलेजने परत नेल्या. पुढे त्यांचं काय झालं, माहीत नाही.

माझं मागणं एवढंच. कधी कीर्तनाला बसलात तर बुवांवरून नजर काढून मागच्या टाळकऱ्यांकडेही एकदा बघा, आणि मांजर्लीच्या नाथाआण्णांना आठवा.